मिनिटास किती शब्द?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. मेहकर तालुक्यांतील एका लहानशा खेड्यांतला हा मुलगा. वडील सोयाबीन व तूर पिकवितात. दहावी-बारावी करून त्यानें तालुक्याच्या गांवीं एका खासगी वर्गांत सहा महिने मराठी टंकलेखनाचा अभ्यास केला, आणि तेथील संगणकानें त्याची गति मिनिटास ४२ शब्द अशी दाखविली. घरीं पेढे वांटले गेले. पुढें कारकुनीच्या एका जागेसाठीं चाचणी झाली. तींत त्याच मुलाची गति २७ निघाली. पाहिजे होते ३० शब्द. "सर, पंधरा दिवसांत माझीं बोटें इतकीं जड झालीं काय?" असें त्यानें आम्हांस विचारिलें, आणि तत्काळ उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं.

हा प्रश्न एकट्या त्याचा नव्हे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील कित्येक आईबाप पोटास चिमटा घेऊन मुलामुलींस टंकलेखनास घालतात. महाराष्ट्र शासनाच्या लिपिक-टंकलेखकाच्या जागेस मराठीची मिनिटास ३० शब्द किंवा इंग्रजीची ४० शब्द अशी गति लागते, व तिचें प्रमाणपत्र देणारी परीक्षा पुणें येथील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. ज्या आंकड्यावर घरचा संसार उभा राहावयाचा, तो आंकडा कोणत्या मापानें मोजला जातो हें मात्र आपण सहसा विचारीत नाहीं. बाजारांत मात्र विचारितों. खामगांवच्या कापसाच्या बाजाराचें नांव वऱ्हाडांत जुनें आहे, आणि कापसाची खंडी हा शब्द शेतकऱ्यांच्या घरांत सर्वांस ठाऊक आहे. मुंबईच्या बाजारांतील कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारें ३५६ किलोंची. मद्रासेकडील जुनी खंडी ५०० पौंडांची. नांव एकच, पण वजन निराळें. टंकलेखनांतील 'शब्द' हें अशाच खंडीच्या जातीचें माप आहे.

वाचकांस वाटेल कीं, शब्द म्हणजे शब्द. त्यांत मोजण्यासारखें काय आहे? पण 'मी' हाही शब्द आणि 'विश्वविद्यालय' हाही शब्द. ज्याच्या उताऱ्यांत लहान शब्द अधिक, तो आयताच वेगवान ठरेल. हा अन्याय टाळण्यासाठीं टंकलेखनाच्या जगांत फार पूर्वींपासून असा संकेत आहे कीं, कळीचे पांच ठोके म्हणजे एक शब्द, मग तो छापतांना कसाही दिसो. दोन शब्दांमधली मोकळी जागा हाही एक ठोकाच. केंद्र सरकारच्या कर्मचारी निवड आयोगाच्या नियमांत हें स्पष्ट दिसतें. तेथें इंग्रजीचे मिनिटास ३५ शब्द म्हणजे तासास १०,५०० ठोके, आणि हिंदीचे ३० शब्द म्हणजे तासास ९,००० ठोके, असा हिशेब दिला आहे. ३५ ला ५ नें व मग ६० नें गुणून पाहा, हिशेब जमतो.

इंग्रजीला हें माप बरें बसतें, कारण तेथें बहुधा एक अक्षर म्हणजे एक ठोका. आपल्या देवनागरीचें तसें नाहीं. 'नगर' ह्या शब्दांत तीन अक्षरें आहेत आणि 'स्वातंत्र्य' ह्यांतही तीनच: स्वा, तं, त्र्य. सरकारमान्य इन्स्क्रिप्ट कळफलकावर पहिल्यास तीन ठोके लागतात. दुसऱ्यास स, पायमोडीची खूण, व, काना, त, अनुस्वार, त, पुन्हां पायमोड, र, पुन्हां पायमोड, य, असे अकरा. कानास तीन अक्षरें ऐकूं येतात. बोटांस मात्र पहिल्यापेक्षां जवळजवळ चौपट काम पडतें.

आतां एक साधें वाक्य घेऊं: "आमच्या गावची शाळा नदीकाठी आहे." बोलण्याच्या हिशेबानें हे पांच शब्द. अक्षरें मोजलीं तर चौदा. इन्स्क्रिप्टवर ह्याचे ठोके आम्हीं मोजले, ते असे: आमच्या ६, गावची ५, शाळा ४, नदीकाठी ७, आहे ३, मिळून २५. मधल्या मोकळ्या जागा ४ आणि पूर्णविराम १ धरून ३०. पांचांनीं भागिलें तर सहा शब्द! पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाहीं. दोन 'आ', एक 'श', एक 'ळ' व एक 'ठ' हीं अक्षरें उमटविण्यासाठीं शिफ्टची कळ दाबून धरावी लागते. ते पांच दाब हिशेबांत धरले तर ३५ होतात, आणि त्याच वाक्याचे सात शब्द होतात. वाक्य तेंच, बोटें तींच, वेळही तोच; परंतु मोजणाराच्या मर्जीप्रमाणें पांच, सहा किंवा सात. विद्यार्थ्यांनीं हें वाक्य स्वतः टंकून पाहावें. आमची मोजणी चुकली असल्यास वर्गांत येऊन सांगावें.

आमच्या त्या मुलाच्या ४२ ची फोड येथेंच सुरू झाली. त्याच्या वर्गांतील संगणक प्रत्येक दाब मोजीत असे, शिफ्टसुद्धां. ४२ शब्द म्हणजे मिनिटास २१० दाब. आमच्या वाक्याप्रमाणें सातांतला एक दाब शिफ्टचा धरला तर ते ३० वजा जातात, १८० उरतात, म्हणजे ३६ शब्द. सहा शब्द केवळ मापाच्या फरकानें गळाले, आणि त्यांत मुलाचा तिळभर दोष नव्हता.

पुढचा प्रश्न चुकांचा. वर्गांत चुका वजा होत नसत. चाचणींत होत होत्या. त्याच्या जुन्या उताऱ्यांच्या प्रती आम्हीं तपासल्या, तेव्हां मिनिटास सरासरी चार चुका आढळल्या. एका चुकीस एक शब्द कापला तर ३६ चे ३२ झाले. पण चूक मोजणें हेंही वाटतें तितकें सरळ काम नाहीं. समजा, 'नगर' लिहावयाचें आणि 'नर' लिहिलें गेलें. पहिल्या अक्षरापुढें पहिलें, दुसऱ्यापुढें दुसरें असें ताडून पाहिलें तर 'ग' च्या जागीं 'र' आला ही एक चूक, आणि शेवटीं 'र' नाहीं ही दुसरी. वास्तविक मुलानें एकच अक्षर गाळलें आहे. लांब उताऱ्यांत पहिल्याच ओळींत एक अक्षर गळालें आणि तपासणारें यंत्र असें आंधळें असलें, तर पुढचें सगळेंच चुकीचें ठरावयाचें. ह्यावरचा तोडगा सोव्हिएत गणिती लेव्हेन्श्टाइन ह्यांच्या १९६५ च्या कामांतून मिळाला. लिहिलेल्या मजकुराचा मूळ मजकूर करण्यास कमींत कमी किती अक्षरें घालावीं, काढावीं किंवा बदलावीं लागतील तें काढावयाचें. तितक्याच चुका धरावयाच्या. 'नर' मध्यें एक 'ग' घातला कीं काम झालें, म्हणून चूक एक. आमच्या मतें हीच रीति न्यायाची आहे. तथापि तींतही एक फट राहते. जो मुलगा दहा वेळां चुकून दहा वेळां मागें जाऊन खोडतो, त्याची प्रत शेवटीं स्वच्छ दिसते. त्याची चूक प्रतींत दिसत नाहीं, वेळांत दिसते. म्हणून चांगले तपासनीस गति व अचूकपणा हे दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं मांडतात, आणि खोडण्याचे ठोकेही निराळे लिहून ठेवितात.

३२ पासून २७ पर्यंतचे पांच शब्द राहिले. त्यांचा शोध लावण्यासाठीं आम्हीं मुलास शाळेच्या संगणकापुढें बसविलें. वर्गांत महिनाभर गिरविलेला उतारा प्रथम दिला; शिफ्ट न मोजतां व चुका वजा करून गति ३२ भरली. मग पूर्वीं न पाहिलेला, जोडाक्षरांनीं भरलेला एक उतारा दिला, गति २८. तेव्हां त्यालाही उमगलें. त्या वर्गांत रोज तोच उतारा टंकून घेतला जाई, आणि बोटांनीं तो उतारा पाठ केला होता. टंकलेखन पाठ केलें नव्हतें. पाढे पाठ असलेला मुलगा गुणाकार जाणतोच असें नाहीं, हें आम्हां शिक्षकांस नवीन नाहीं. पण टंकलेखनांत तें इतकें स्पष्ट आंकड्यांत दिसेल असें आम्हांस वाटलें नव्हतें.

येथें एक गोष्ट पालकांस सांगून ठेवूं. मराठीचे कळफलक एकाच मांडणीचे नसतात. जुन्या रेमिंग्टन धर्तीच्या यंत्रावर अक्षरें जशीं डोळ्यांस दिसतात तशीं टंकावयाचीं असत. 'किती' लिहितांना ऱ्हस्व वेलांटी आधीं, 'क' मागाहून. 'श', 'ण', 'ख' ह्यांसारखीं अक्षरें अर्धें अक्षर व पुढें काना अशा दोन ठोक्यांत तयार होत. इन्स्क्रिप्ट ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं काढिली, आणि पुढें ती १९९१ च्या भारतीय मानकांत आली. तींत उच्चाराचा क्रम पाळतात, आधीं 'क', मग वेलांटी; स्वर डाव्या हाताखालीं व व्यंजनें उजव्या हाताखालीं. दोन्ही मांडण्या आजही संगणकावर वापरतां येतात. एकीवर शिकून दुसरीवर परीक्षा देणें म्हणजे उजव्या हातानें लिहिणारास डाव्या हातानें शुद्धलेखन घालण्यासारखें आहे. वर्गास नांव घालण्यापूर्वीं मांडणी कोणती, हा प्रश्न पालकांनीं अवश्य विचारावा. फी किती, हा त्याच्या मागाहून.

कळफलकाचें झालें, पण संगणकास हुकूम देण्याचें दुसरें साधन जो माउस, त्याची परीक्षा कशी घ्यावी? तेथें ना शब्द, ना अक्षर. केवळ पडद्यावरच्या एखाद्या जागीं बाण नेऊन टेकवावयाचा. ह्याचें माप अमेरिकेंतील पॉल फिट्स ह्या मानसशास्त्रज्ञानें संगणक घरोघर येण्याच्या पुष्कळ आधीं, १९५४ सालीं दिलें. त्यानें माणसांच्या हातीं धातूची लेखणी दिली, समोर धातूच्या दोन पट्ट्या ठेविल्या, आणि ह्या पट्टीवरून त्या पट्टीवर आळीपाळीनें ठोके मारावयास सांगितलें. पट्ट्यांची रुंदी व त्यांतील अंतर तो बदलीत गेला. त्याला असें दिसलें कीं, अंतर दुप्पट केलें आणि पट्टीही दुप्पट रुंद केली, तर वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. अडचण अंतरांत नाहीं, रुंदींतही नाहीं, ती ह्या दोहोंच्या प्रमाणांत आहे. गोट्या खेळणाऱ्या मुलांस हें सांगावयास नको; लांबची मोठी गोटी आणि जवळची बारीक गोटी ह्यांचा नेम सारखाच अवघड.

हा प्रयोग घरीं करतां येतो. जाड कागदाच्या २ सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या टेबलावर अशा चिकटवा कीं त्यांच्या मध्यांतील अंतर १४ सेंटिमीटर होईल. पेन्सिल घेऊन आळीपाळीनें २० ठोके मारा व सोबत्यास घड्याळ पाहूं द्या. आतां हिशेब. अंतरास रुंदीनें भागा, १४ भागिले २ म्हणजे ७. त्यांत १ मिळवा, ८ झाले. ८ चा १ होण्यास किती वेळां निम्मे करावे लागतात? ८, ४, २, १, म्हणजे तीन वेळां. ही ह्या कामाची अडचण, ३ बिट. वीस ठोक्यांस १० सेकंद लागले असतील तर एका ठोक्यास अर्धा सेकंद, म्हणून तुमच्या हाताचें माप सेकंदास ६ बिट. नंतर अंतर ३० सेंटिमीटर करा: १५ अधिक १, सोळा, चार वेळां निम्मे, ४ बिट. मग १ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या घेऊन अंतर १५ ठेवा: पुन्हां ४ बिट. शेवटच्या दोन प्रयोगांचा वेळ ताडून पाहा. एकांत हाताचा प्रवास दुप्पट आहे, तरी वेळ फारसा वेगळा पडत नाहीं. गणित येथें बोटांस इतकें लागू पडतें ह्याचें आम्हांस अजून नवल वाटतें. (एक मिळविण्याची ही रीति कॅनडांतील मॅकेंझी ह्यांची, फिट्सचें मूळ सूत्र किंचित् निराळें होतें.)

आणि पट्टीबाहेर ठोके पडले तर? त्यासही तोड आहे. जो घाईनें इकडे तिकडे ठोके टाकतो, त्याचे ठोके जेवढ्या जागेंत पसरले तेवढी पट्टी रुंद होती असें गणितांत धरतात. शंभरांतले ९६ ठोके मावतील इतकी. रुंदी वाढली कीं अडचण कमी ठरते, आणि घाईनें मिळविलेला वेग आपोआप कापला जातो. टंकलेखनाच्या परीक्षेंत चुकांसाठीं दंडाचे किती निरनिराळे नियम! येथें दंड मापाच्या पोटांतच आहे.

ह्याच रीतीवर पुढें साधनांची तुलना झाली. माउस अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत डग्लस एंगेलबार्ट व त्यांचे सहकारी बिल इंग्लिश ह्यांनीं तयार केला. फिट्सचें सूत्र हातीं न घेतां त्यांनीं १९६७ सालीं एक तुलना प्रसिद्ध केली होती. तींत माउस, प्रकाशलेखणी, दांडी, आणि टेबलाखालीं बसविलेलें, गुडघ्यानें हालवावयाचें एक साधन, अशीं निरनिराळीं साधनें एकमेकांपुढें उभीं केलीं. नवख्यांस माउसपेक्षां इतर कांहीं साधनें सोपीं गेलीं. सरावलेल्यांच्या हातीं मात्र माउस सरस ठरला व चुकाही कमी झाल्या. परीक्षा एकाच दिवसाची असती तर कदाचित् आज आपण गुडघ्यानें संगणक चालवीत असतों! पुढें १९७८ सालीं झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रांत कार्ड, इंग्लिश व बर ह्यांनीं माउस, दांडी व दोन प्रकारच्या कळा ह्यांची परीक्षा फिट्सच्या नियमानें घेतली. माउस सर्वांत वेगवान निघाला. इतकेंच नव्हे तर उघड्या हाताच्या वेगाच्या तो अगदीं जवळ पोंचला होता, त्यामुळें त्याहून फार चांगलें साधन निघण्यास जागाच थोडी उरली. २००० सालीं ह्या मोजणीचें आंतरराष्ट्रीय मानक झालें. मानकाप्रमाणें केलेल्या प्रयोगांत माउसचा आंकडा साधारणपणें सेकंदास ३.७ ते ४.९ बिट येतो. लॅपटॉपवरील बोट फिरविण्याच्या पाटीचा त्याहून कमी.

दुकानांतील पेटीवर मात्र हे आंकडे नसतात. तेथें माउस इंचास किती खुणा मोजतो, सेकंदास किती वेळां संगणकास खबर देतो, असे मोठाले आंकडे छापलेले असतात. साधा माउस सेकंदास १२५ वेळां, म्हणजे दर ८ सहस्रांश सेकंदास खबर देतो. महागडा हजार वेळां. माणसाचा हात दिसलेल्या खुणेस उत्तर देण्यासच सुमारें पाव सेकंद घेतो, तेव्हां ह्या सात सहस्रांशांसाठीं मुलांनीं वडिलांपाशीं हट्ट धरूं नये. ते यंत्राचे आंकडे आहेत, हाताचे नव्हत.

मराठीपुरता विचार करावयाचा तर आतां बहुतेक लिहिणें मोबाइलवर होतें, आणि तेथें लहान काचेवर आपली बाराखडी बसवावी कशी हा खरा पेंच आहे. पवईच्या आय्. आय्. टी. मध्यें 'स्वरचक्र' नांवाचा कळफलक तयार झाला. व्यंजनावर बोट ठेविलें कीं भोंवतीं काना, वेलांट्या, मात्रा ह्यांचें वर्तुळ उघडतें, आणि हव्या त्या स्वराकडे बोट सरकविलें कीं अक्षर पुरें होतें. शाळेंत बाराखडी घोकलेल्यास ही मांडणी ओळखीची वाटते. मराठी लिहिणारांस बसवून, ठोके, वेळ व चुका मोजून अशा कळफलकांच्या चाचण्या आपल्याकडे झाल्या, ही समाधानाची गोष्ट होय. परभाषेचें माप आपल्या जोडाक्षरांस लावीत बसण्यापेक्षां तें केव्हांही बरें.

तो मुलगा आतां रोज वर्तमानपत्रांतील नवा मजकूर घेऊन बसतो, आणि वहींत चार रकाने आंखून ठोके, शिफ्ट, चुका व खोडलेलें निरनिराळें लिहितो. गेल्या महिन्यांत त्यानें वही आणून दाखविली. न पाहिलेल्या उताऱ्यावर, शिफ्ट सोडून व चुका वजा करून, गति ३१ आहे. पुढील चाचणीची तारीख अद्यापि लागलेली नाहीं. त्यानें त्या वहीचा पहिला कोरा नमुना आम्हांस दिला, तो व कागदाच्या पट्ट्या आम्हीं शाळेच्या प्रयोगशाळेंत दाराजवळच्या कपाटांत ठेविल्या आहेत. आठवी ते दहावीच्या मुलांमुलींनीं मधल्या सुटींत घड्याळ मागून न्यावें.